धाप लागली म्हणजे दमाच का?



मी सातवी शिकलेली बाई. व्याख्यान देण्याचा माझा अधिकार नाही. परंतु धाकट्या वन्संबरोबर दवाखान्यांच्या पायऱ्या चढून जे शिकले, ते आपल्या कानांवर घालावे, एवढीच इच्छा आहे.

पाचगणीला डॉ. बिलिमोरिया यांनी १९१२ साली बेल-एअर आरोग्यधाम काढले, ते क्षयरोग्यांसाठी. तेव्हापासून आपल्या डोंगरावर छातीचे दुखणे म्हटले की क्षय, नाहीतर दमा, असेच मनात येते. त्यातून चार हजार फुटांहून उंचावरचे आपले गाव. चढावर कोणालाही थोडी धाप लागायचीच.

वन्संना पस्तिशीत धाप लागू लागली. घरात म्हणाले, कामाचा कंटाळा. एका डॉक्टरांनी दम्याचा पंप दिला. दुसऱ्यांनी थुंकीत जंतू नसतानाही क्षयाच्या गोळ्या दिल्या. दोन वर्षांत दोनदा छातीत हवा साचून फुप्फुस मिटले. तेव्हा पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी विचारले, "तरुण बाई, विडी-तंबाखू नाही, मग फुप्फुस पुन्हा का फुटावे?" या प्रश्नानेच खरे निदान सुरू झाले.

रोगाचे नाव लिम्फॅन्जिओलियोमायोमॅटोसिस; डॉक्टर थोडक्यात 'लॅम' म्हणतात. हा फार दुर्मिळ, आणि बहुतेक बाळंतपणाच्या वयातील बायकांनाच होतो. स्नायूंसारख्या पेशी फुप्फुसात वाढतात आणि तेथे पातळ भिंतीचे गोल फुगे होतात. साध्या एक्स-रेत ते पुष्कळदा दिसत नाहीत. बारीक कापांचा सीटी स्कॅन लागतो. मग मूत्रपिंडावर चरबीची गाठ आहे का, हे पाहतात. रक्तात व्हीईजीएफ-डी नावाचे द्रव्य तपासतात. स्कॅनमध्ये तसे फुगे असून हा आकडा ८०० किंवा त्याहून वर असला, तर फुप्फुसाचा तुकडा काढावा लागत नाही.

औषध आहे, सिरोलिमस. ईस्टर बेटाच्या मातीतील जंतूपासून ते मिळाले. ते शोधण्यात आपले सुरेंद्रनाथ सेहगल पुढे होते. लॅमवर ते उपयोगी पडते, हे २०११ साली सिद्ध झाले. रोग जात नाही, पण फुप्फुसाची घसरण थांबते. म्हणून उशीर महाग पडतो. गेलेला श्वास परत मिळत नाही.

भगिनींनो, औषध घेऊनही धाप कमी होत नसेल किंवा फुप्फुस एकदा मिटले असेल, तर छातीच्या डॉक्टरांना "स्कॅन करावा का?" असे स्पष्ट विचारा. हा रोग ठरला, तर इस्ट्रोजेनच्या गोळ्या टाळा आणि दिवस राहण्याआधी सल्ला घ्या. आणि सासूबाईंनो, सुनेच्या धापेला आळस म्हणण्याआधी तिला एकदा तपासून आणा.