पाळणाघरातल्या काकू

नोव्हेंबर २०१६ मध्ये खारघरच्या पाळणाघरात दहा महिन्यांच्या बाळाला झालेली मारहाण कॅमेऱ्यात दिसली. तेव्हापासून पालक आधी कॅमेऱ्याचं विचारतात. विचारावंच, पण कॅमेरा बादलीत पडलेलं मूल उचलत नाही.

२०१७ च्या कायद्याने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची सक्ती केली. धुणीभांडी करणारी आई मात्र मूल गल्लीतल्या काकूंकडेच ठेवते. अशा घरी गेलो की मी आधी मोरी बघतो. (कवी असून मोरीत काय डोकावतो, म्हणतात लोक!) रांगतं मूल चार बोटं पाण्यातही बुडू शकतं. खाऊतला अख्खा शेंगदाणा श्वासनलिकेत अडकतो. काकू मायाळू असतात, पण एकट्या. एकाची शी धुवावी तोवर दुसरं गॅसकडे धावतं.

आणि महिन्याला शंभर रुपये कमी करा म्हणून घासाघीस करणारे आपणच. मग त्या आणखी दोन मुलं घेतात. त्यांना दोष कसा द्यायचा? पालकांनी पैसे थोडे वाढवून मदतीला दुसरी बाई ठेवू द्यावी. महापालिकेने वॉर्डावॉर्डात काकूंना प्रथमोपचार शिकवावेत, तेही फुकट आणि रविवारी. इतर दिवशी मुलं कोणाकडे सोपवून येणार त्या?