चटईचा धागा आणि औषधाची गोळी



“तू कॉम्प्युटरची इंजिनिअर, मग औषधाच्या कारखान्यात काय करतेस?” असं काल भरीत-भाकरी खाताना दोघातिघांनी विचारलं. त्याचं उत्तर जळगावच्या एमआयडीसीतच आहे.

माझे वडील चटईच्या कारखान्यात एक्स्ट्रूडरवर होते. हॉपरमध्ये प्लॅस्टिकचा दाणा टाकायचा, तापलेल्या बॅरलमधला स्क्रू तो वितळवत पुढे ढकलतो आणि डायमधून धागा निघतो. भवरलाल जैन यांनी १९८० मध्ये इथे पीव्हीसी पाइपचं उत्पादन सुरू केलं, ते पाइपही याच रीतीने निघतात.

औषधातही हे यंत्र लागतं. काही औषधांचे स्फटिक पाण्यात नीट विरघळत नाहीत. गोळी पोटात जाते, पण अंगी लागत नाही. म्हणून औषध आणि पॉलिमर दोन स्क्रूंच्या एक्स्ट्रूडरमध्ये एकत्र वितळवतात. थंड झाल्यावर औषधाचे रेणू पॉलिमरमध्येच अडकून राहतात, त्यांना स्फटिक बनता येत नाही. हेच हॉट-मेल्ट एक्स्ट्रूजन. एचआयव्हीवरच्या कॅलेट्रा या औषधाच्या कॅप्सूल आधी फ्रीजमध्ये साठवाव्या लागत आणि रोज सहा घ्याव्या लागत. २००५ मध्ये या पद्धतीच्या गोळ्या आल्या: रोज चार, आणि फ्रीज नको. धुळे-जळगावचा मे महिना काढलेल्यांना याचं मोल वेगळं सांगायला नको.

तापमान, स्क्रूचा वेग आणि माल सोडण्याचा दर यांचा मेळ बसवणारं सॉफ्टवेअर मी लिहिते. उष्णता जास्त झाली तर औषध खराब होतं, कमी पडली तर स्फटिक शिल्लक राहतात.

एकदा मी उत्पादन वाढवण्यासाठी वेग आणि माल, दोन्ही वाढवले. स्क्रूवरच्या लोडचा आलेख थरथरत होता. ती सेन्सरची खरखर समजून मी सॉफ्टवेअरमधून गाळून टाकली. मशीनवरचे दादा म्हणाले, “मॅडम, लोड हलतोय. माल सगळा वितळत नाहीये.” मी त्यांना पडद्यावरची सरळ रेघ दाखवली. त्या दिवशीच्या चाचण्या पासही झाल्या.

पुढे तोच माल ४० अंश तापमान आणि ७५ टक्के आर्द्रतेत ठेवला. सहा महिन्यांची चाचणी होती. तिसऱ्याच महिन्यात गोळी विरघळणं मंदावलं. न वितळलेले बारीक स्फटिक विरजणासारखे आत राहिले होते. त्यांच्याभोवती नवे स्फटिक वाढले. सुदैवाने तो चाचणीचा माल होता, रुग्णापर्यंत गेला नाही. पण गेला असता तर ती गोळी आपल्याच गावच्या एखाद्या मेडिकलच्या तापलेल्या फळीवर निकामी झाली असती, आणि घेणाऱ्याला कळलंही नसतं.

रात्री वडिलांना फोन केला. ते म्हणाले, “चटईचा धागा कारखान्यात तुटत नाही गं, अंगणातल्या उन्हात तुटतो. पण मशीन त्याच दिवशी बोललेलं असतं.”

दादांची मी माफी मागितली. आता माझ्या सॉफ्टवेअरमध्ये लोडचा आलेख न गाळता दिसतो, आणि ऑपरेटरचा शेरा भरल्याशिवाय बॅच पुढे सरकत नाही.

शिरपूरला आपली मुलं फार्मसी शिकतात. त्यांना एकदा जळगावच्या चटई कारखान्यात नक्की न्या. एक्स्ट्रूडरजवळ उभं राहून ते मशीन चालवणाऱ्याशी तासभर बोलू द्या.