निर्मळ अहवाल आणि हाताला लागलेली गाठ



सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी रोगाचा विषय काढावा, हे कित्येकांना रुचणार नाही. परंतु हळदीकुंकवाला जमणाऱ्या आपल्या भगिनी परस्परांशी सर्व काही बोलतात. स्तनातील गाठीविषयी मात्र मौन पाळतात. ते मौन मोडण्याचे धाडस आम्ही आज करीत आहोत.

मॅमोग्राफी म्हणजे स्तनांची क्ष-किरण तपासणी. तिच्या चित्रात मेद काळसर दिसतो, तर दुग्धग्रंथी आणि तंतुमय भाग पांढरे दिसतात. पांढरा भाग जितका अधिक, तितके स्तन घन. ही घनता हाताला कळत नाही. तरुण वयात ती अधिक असते, ऋतुनिवृत्तीनंतर बहुधा घटते. घनता हा रोग नव्हे. तथापि कर्करोगाची गाठही चित्रात पांढरीच उमटते. नंदी टेकडीवरील पहाटेच्या धुक्यात शुभ्र वस्त्रांतील मनुष्य दिसेनासा व्हावा, तशी ती लपते. शिवाय अतिघन स्तनांत या रोगाचा संभवही काहीसा अधिक असतो. हा संबंध अमेरिकेतील डॉ. जॉन वुल्फ यांनी १९७६ मध्ये मांडला. मॅमोग्राफी झालेल्या प्रत्येक स्त्रीला तिच्या स्तनांची घनता कळविणे त्या देशात २०२४ पासून बंधनकारक झाले आहे.

आपल्याकडे पाश्चात्त्य देशांच्या मानाने हा रोग सरासरीने लवकरच्या वयात, म्हणजे घनता अधिक असतानाच गाठतो. म्हणून केवळ यंत्रावर विसंबून चालणार नाही. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून दीड लाखांवर स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांतील निम्म्या स्त्रियांना प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी ठराविक काळाने हाताने तपासले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या स्त्रियांत रोग लवकरच्या अवस्थेत सापडला, आणि पन्नाशीपुढील स्त्रियांत त्याने होणारे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आत मात्र तशी घट आढळली नाही.

तेव्हा आमची विनंती एवढीच : अहवाल हाती आला की घनता किती, हे डॉक्टरांना विचारावे. ती अधिक असेल तर सोनोग्राफीची आवश्यकता आहे का, तेही विचारावे. आणि हाताला गाठ लागली असेल, तर अहवाल निर्मळ आहे म्हणून स्वस्थ बसू नये. याच नगरीत १९७३ पासून किदवई स्मारक संस्था कर्करुग्णांच्या सेवेत आहे. तिथवर जाण्याचा मार्ग लांब नाही. आडवा येतो तो संकोच. तो या सभागृहातच सोडून आपण घरी जावे, ही प्रार्थना.