दान द्यावं, पण रीतही पाहावी
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



मेळाव्याचा खर्च भागून जी रक्कम उरेल, ती मुलांसाठी काम करणाऱ्या एखाद्या संस्थेला द्यायची, हे आपल्या ग्रुपवर एकमताने ठरलं. कोणत्या संस्थेला, यावर मात्र लगेच तीन गट पडले. माझी नोकरी विश्वस्त संस्थांचे हिशेब तपासण्यात गेली, म्हणून "तूच सांग" असा हुकूम निघाला. मी नाव सांगणार नाही. नाव कसं निवडायचं, तेवढं सांगते. गणिताच्या बाई समोर बसल्या आहेत. उत्तर बरोबर असलं तरी रीत लिहिली नसेल तर त्या गुण कापायच्या. संस्थेलाही तोच नियम लावायचा.

आपल्या काशीमीऱ्याच्या नाक्यावर सिग्नलला वस्तू विकणारं मूल दिसतं. एक संस्था त्याला जेवण देईल. दुसरी विचारेल, हे मूल शाळेत का नाही? मग ती त्याच्या आईवडिलांना भेटेल, महापालिकेच्या शाळेत जाईल, कागदपत्रांसाठी खेटे घालेल, धोरण बदलावं म्हणून मंत्रालयापर्यंत जाईल. पहिलीचा हिशेब सोपा, ताटं मोजता येतात. दुसरीचा पैसा जातो पगारात, प्रवासात, अभ्यास-अहवालांत. तो पाहून आपण म्हणतो, "अरे, हे तर स्वतःच खातात!" तसं असेलही, नसेलही. नुसत्या पगाराच्या आकड्यावरून ते कळत नाही.

आपल्या मुंबईतलंच उदाहरण घ्या. १९७९ साली एअर इंडियात पर्सर असलेल्या रिप्पन कपूर यांनी मित्रांना जमवून ५० रुपयांवर 'क्राय' सुरू केली. तिची शुभेच्छापत्रं आपल्यापैकी अनेकांनी विकत घेतली असतील. तेव्हा नाव होतं 'चाइल्ड रिलीफ अँड यू', पुढे ते 'चाइल्ड राइट्स अँड यू' झालं. मदतीकडून हक्कांकडे, हा बदल नावातच आहे. ही संस्था बरंचसं काम स्थानिक संस्थांना पाठबळ देऊन करते आणि वार्षिक अहवाल, हिशेब लोकांसमोर ठेवते. मी तिची शिफारस करत नाही आणि तक्रारही करत नाही. पण अशा रचनेत एक प्रश्न आपोआप येतो: आपला रुपया पुढच्या संस्थेकडे गेला, तर तिथला हिशेब कोण तपासतं आणि काम अपुरं पडलं तर मदत थांबते का?

आता कागद पाहू. महाराष्ट्रात सार्वजनिक न्यासाला १९५० च्या विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी करावी लागते आणि दरवर्षी तपासलेले हिशेब सादर करावे लागतात. त्यात ताळेबंद अनुसूची आठमध्ये असतो, उत्पन्न-खर्च अनुसूची नऊमध्ये. अनुसूची नऊमध्ये 'आस्थापना खर्च' वेगळा आणि 'न्यासाच्या उद्दिष्टांवरील खर्च' वेगळा. हक्कांचं काम बहुधा 'इतर धर्मादाय उद्दिष्टे' या ओळीत सापडतं. सोबत लेखापरीक्षकाचा अहवाल असतो. हिशेब नियमित ठेवले का, रोख शिल्लक जुळली का, वर्षाहून जुनी येणी किती, किती रक्कम निर्लेखित केली, हे त्यात लिहावं लागतं. लोक रंगीत छायाचित्रांचा अहवाल चाळतात. तुम्ही हा कंटाळवाणा अहवाल मागा.

"प्रशासनावर दहा टक्क्यांहून जास्त खर्च नको," असं एकाने ग्रुपवर लिहिलं होतं. कायद्यांतही असा एक आकडा नाही. परदेशी देणग्यांबाबत ही मर्यादा पूर्वी ५० टक्के होती, २०२० च्या दुरुस्तीने ती २० टक्के झाली. कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीत कंपनीचा स्वतःचा प्रशासकीय खर्च ५ टक्क्यांत बसवावा लागतो. शिवाय टक्केवारी मांडणीवर ठरते. माशाच्या पाड्यावर घरोघर फिरून मुलं शाळेत घालणाऱ्या कार्यकर्तीचा पगार उद्दिष्टांवर टाकला तर संस्था काटकसरी दिसते, आस्थापनेत टाकला तर उधळी. बाई तीच, पगार तोच, कामही तेच. म्हणून टक्केवारीआधी विचारा, कोणता खर्च कुठे धरला? आणि सलग तीन वर्षांचे हिशेब शेजारी ठेवा. मांडणी मध्येच बदलली असेल तर कारण विचारा.

दुसरा प्रश्न निधी उभारणीचा. स्टेशनबाहेर गळ्यात ओळखपत्र घालून उभी असलेली मुलं, संध्याकाळचे फोन, या सगळ्याला पैसे लागतात. ते गैर नाही. पण शंभर रुपये गोळा करायला किती खर्च आला, हे संस्थेला सांगता आलं पाहिजे. बँकेत मोठ्या मुदत ठेवी असताना "उद्याच मदत हवी" असं म्हणणाऱ्या संस्थेला ठेवींचं प्रयोजन विचारा. विश्वस्तांच्या नातेवाइकांना भाडं किंवा कंत्राट दिलं आहे का, हेही विचारा. यात संकोच नको.

तिसरा प्रश्न श्रेयाचा. शिक्षणाचा हक्क २००२ च्या ८६व्या घटनादुरुस्तीने आला, कायदा २००९ चा, अंमल १ एप्रिल २०१० पासून. त्यामागे कितीतरी संघटना, शिक्षक, पालक होते. "हा कायदा आम्ही आणला" असं एकच संस्था म्हणाली तर जरा थांबा. "या पाड्यावरची इतकी मुलं दाखल झाली, त्यातली इतकी वर्षभर टिकली, इतकी गळाली" असं सांगणारी संस्था मला जास्त विश्वासाची वाटते. गळालेल्यांचा आकडा सांगते, म्हणून.

चौथा प्रश्न मुलांच्या प्रतिष्ठेचा. काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड करायला २०१५ च्या बाल न्याय कायद्याने बंदी आहे. रडणाऱ्या मुलाचा चेहरा, नाव, गाव छापून पैसे मागणारी संस्था त्या मुलाचा हक्क जपते की विकते? संस्थेतल्याच माणसाविरुद्ध मुलाला तक्रार करायची झाली तर कुणाकडे जायचं, याचं लेखी उत्तर तिच्याकडे हवं.

आता माझी सूचना. आपल्यातल्या तिघांची समिती नेमू. त्यातला एक तरी असा असावा, ज्याचं कोणत्याही संस्थेशी नातं नाही. सुचवलेल्या तिन्ही संस्थांना हेच प्रश्न लेखी पाठवू आणि उत्तरं सगळ्यांसमोर ठेवू. पैसे धनादेशाने किंवा बँकेतून देऊ. २००० रुपयांवरच्या रोख देणगीला तशीही करसवलत मिळत नाही. सगळी रक्कम एकदम न देता दोन हप्त्यांत देऊ, दुसरा हप्ता पुढच्या वर्षीचे हिशेब पाहून. आणि हा निर्णय होईपर्यंत नाक्यावर एखादं मूल संकटात दिसलं, तर समितीची वाट पाहू नका. १०९८ फिरवा. ही मुलांची हेल्पलाइन १९९६ साली मुंबईतच सुरू झाली, फोन विनामूल्य आहे.

प्रश्न विचारले तर संस्था दुखावतील, अशी भीती काहींना वाटते. माझा अनुभव उलटा आहे. नीट काम करणाऱ्यांना प्रश्न विचारणारा देणगीदार आवडतो. तो पुढच्या वर्षीही येतो, हे त्यांना ठाऊक असतं. आपणही पुढच्या वर्षी येऊ, हिशेबाचा कागद हातात घेऊन.