टेपवरचं इंग्रजी

स्नातकहो,

मघाशी मिरवणुकीसाठी आपण रांगेत उभे होतो, तेव्हा तुमच्यातल्या एका मुलीने माझ्याशी इंग्रजीत बोलायला सुरुवात केली. तीन-चार शब्दांत अडखळली, “सॉरी मॅडम, माझं इंग्लिश वीक आहे,” म्हणाली आणि पुढचं सगळं मराठीत सांगितलं. मुलगी रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाली आहे. पाच वर्षं तिने इंग्रजी पुस्तकं वाचली, इंग्रजीत प्रबंध लिहिला. तरी इंग्रजी वीक! गेली तीस वर्षं माझं काम या एका वाक्याभोवती फिरतं आहे, म्हणून आज त्याबद्दलच बोलते.

महाराष्ट्रात 2000 सालापासून मराठी शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी आलं. म्हणजे तुम्ही बहुतेक सगळे त्यानंतरचे. आमच्या पिढीने पाचवीत एबीसीडी गिरवली आणि घरात तर्खडकरांची भाषांतरमाला उघडून वाक्यं उलटसुलट केली. तुम्हाला पंधरा वर्षं इंग्रजी मिळालं, पण परीक्षा मुख्यतः लिहिण्याची. दहावीला तोंडी परीक्षेचे वीस गुण असतात. ते कसे पडतात, हे मी या व्यासपीठावरून सांगणार नाही. तुम्हाला माहीत आहे.

मी एम.फिल. करत होते तेव्हाची गोष्ट. एका कॉलेजच्या स्टाफरूममध्ये, सगळ्यांची परवानगी घेऊन, मी टेपरेकॉर्डर ठेवला होता. मधल्या सुट्टीत प्राध्यापक मंडळी इंग्रजीत कशी बोलतात, ते मला टिपायचं होतं. कॅसेट घरी आणली आणि लिहून काढायला बसले. प्ले, दोन शब्द, स्टॉप, रिवाइंड, पुन्हा तेच दोन शब्द. पाच मिनिटांच्या गप्पांना अख्खी संध्याकाळ गेली. दोघे एकदम बोलले तर कोणाचं कुठे सुरू झालं, कोण कुठे थांबलं, कोण नुसतं “हं” म्हणालं, सगळं नोंदवायचं. रिवाइंडच्या बटणाने अंगठा दुखायला लागला.

पानभर मजकूर झाल्यावर मी लाल पेन घेतलं. फिजिक्सचे एक सर म्हणाले होते, “यू आर कमिंग टुमॉरो, इझन्ट इट?” लाल रेघ. दुसऱ्या बाई, “ही इज हिअर ओन्ली.” लाल रेघ. पान रक्तबंबाळ झालं. मग कॅसेटवर आणखी एक आवाज आला. दर वाक्यात “ॲक्चुअली”, अर्धी वाक्यं सोडून दिलेली, मध्येच “म्हणजे”. कोण बाई ही, असं मनात आलं, आणि दोन सेकंदांनी कळलं की ती मीच.

दुसऱ्या दिवशी मार्गदर्शक सरांपुढे ते पान ठेवलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, सगळं वाचलं आणि एवढंच विचारलं, “यातलं कोणाला काय कळलं नाही?” मी पुन्हा पाहिलं. सगळ्यांना सगळं कळलं होतं. जिथे कळलं नव्हतं तिथे समोरच्याने “आँ?” म्हटलं होतं, आणि बोलणाऱ्याने लगेच वाक्य बदलून सांगितलं होतं.

ते “आँ?” आज मला फार आवडतं. नेदरलँडमधल्या मार्क डिंगेमान्स आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी 2013 साली दाखवलं की, ऐकू आलं नाही किंवा कळलं नाही तर माणसं जो छोटासा प्रश्नार्थक आवाज काढतात, तो एकमेकींशी काडीचाही संबंध नसलेल्या भाषांतही जवळजवळ सारखाच असतो. या कामाला 2015 चं इग नोबेल मिळालं. आधी हसवणारं आणि मग विचार करायला लावणारं संशोधन असेल तर हे बक्षीस देतात. दोन्ही अटी इथे पुऱ्या होतात.

आता जरा मागे जाते. रँडॉल्फ क्वर्क नावाच्या इंग्रज प्राध्यापकाने 1959 साली ठरवलं की इंग्रजीचं व्याकरण लिहायचं तर माणसं खरोखर काय बोलतात आणि लिहितात ते आधी गोळा करायचं. त्याने दहा लाख शब्द जमवले, त्यातले निम्मे बोलण्यातले. कागदाच्या चिठ्ठ्या आणि कपाटं, संगणक नंतर आला. त्या ध्वनिफिती उतरवून काढल्या तेव्हा लंडनचे शिकलेसवरलेले लोकही वाक्य अर्धवट सोडतात, एकच शब्द तीनदा म्हणतात आणि “अं… अम्…” करतात, हे कागदावर आलं. पुढे 2002 साली हर्बर्ट क्लार्क आणि जीन फॉक्स ट्री यांनी याच साठ्याचा आधार घेऊन सांगितलं की “अं” आणि “अम्” म्हणजे नुसता कचरा नव्हे. पहिल्याने थोडा उशीर होणार असं सुचवलं जातं, दुसऱ्याने जास्त. आपल्या घरी “ते हे… आपलं ते…” असं म्हणत आजी डबा मागते, तसंच काहीसं.

आणि कोल्हापूर. शिवाजी विद्यापीठात एस. व्ही. शास्त्री यांनी भारतीय इंग्रजीचा दहा लाख शब्दांचा साठा उभा केला. 1978 सालात छापलेला मजकूर, प्रत्येकी दोन हजार शब्दांचे पाचशे उतारे. भारतीय इंग्रजी ही मोजून, तपासून बघण्याची गोष्ट आहे, हे आपल्याकडे संगणकाच्या त्या सुरुवातीच्या दिवसांत सिद्ध झालं. जगभर त्याला ‘कोल्हापूर कॉर्पस’ म्हणतात. तांबड्या रश्श्याइतकं नाव झालं नाही, पण व्हायला हरकत नव्हती. फक्त तो साठा सगळा छापील मजकुराचा होता. नंतर अनेक देशांनी एकाच साच्यात आपापल्या इंग्रजीचे साठे केले, तेव्हा भारताच्या साठ्याचं कामही कोल्हापूरकडे आलं, बर्लिनच्या सहकार्याने. त्या साच्यात पाचशे उताऱ्यांपैकी तीनशे बोलण्यातले. समोरासमोरच्या गप्पा, फोन, वर्ग, भाषणं.

त्या भारतीय साठ्यावर क्लाउडिया लांगे या जर्मन बाईंनी 2012 साली एक पुस्तक लिहिलं. माझ्या लाल रेघा त्यात सापडतात, पण लाल नाहीत. “ओन्ली” ठासून सांगण्यासाठी येतो, “देअर” वाक्याच्या शेवटी जाऊन बसतो, “इझन्ट इट” आणि “ना” कोणत्याही वाक्याला चालतात. हे एकट्यादुकट्याचं घसरणं नाही, त्यात रीत आहे. मराठी माणसाला तर ती रीत लगेच ओळखू येते. “तो इथेच आहे” मधला ‘च’ इंग्रजीत न्यायला आपल्याला काहीतरी लागतंच. तो ‘च’ सोडून बोलणं म्हणजे मिठाशिवाय आमटी.

याचा अर्थ काहीही चालतं, असा नाही. संशोधनाच्या लेखात “ओन्ली” कुठे ठेवायचा ते शिका. पण व्हिएन्नामध्ये बार्बरा झाइडलहोफर यांनी, ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही अशा लोकांची आपापसातली इंग्रजी बोलणी अभ्यासली. ‘ही गोज’ मधला शेवटचा ‘ज’ गळला, ‘द’ राहिला, तरी काम सहसा अडत नव्हतं. अडायचं कुठे, तर एकाला ठाऊक असलेला वाक्प्रचार दुसऱ्याला ठाऊक नसला तर. ज्याला आपण “किती फाडफाड बोलतो” म्हणतो, त्याच्यामुळेच कधीकधी समोरचा बुचकळ्यात पडतो. कोणत्याही स्पोकन इंग्लिश क्लासच्या फलकावर मी हे लिहिलेलं पाहिलेलं नाही.

आता रांगेतल्या त्या मुलीकडे परत येते. ती अडखळली का? संभाषणात एकाचं बोलणं संपतं आणि दुसऱ्याचं सुरू होतं, त्यामध्ये किती वेळ जातो? जपानीपासून डॅनिशपर्यंत दहा भाषांत 2009 साली मोजलं, तर सरासरी साधारण 200 मिलिसेकंद निघाले. साधारण डोळ्याची पापणी लवण्याइतका वेळ. उलट, चित्र बघून त्याचं नाव तोंडातून बाहेर यायला साधारण 600 मिलिसेकंद लागतात, तेही आपल्या स्वतःच्या भाषेत. म्हणजे समोरचा बोलत असतानाच आपण उत्तर जुळवायला घेतलेलं असतं. मराठीत हे आपण आईच्या मांडीवर शिकलो. दुसऱ्या भाषेत शब्द थोडा उशिरा हाताशी येतो, आणि तेवढ्यात ती शांतता खोलीत जाणवू लागते.

पहिल्या नोकरीच्या मुलाखतीत माझ्याबाबत हेच झालं. प्रश्न कळला होता, उत्तर येत होतं. मी क्षणभर थांबले आणि समोरच्या गृहस्थांनी मान हलवून पुढचा प्रश्न विचारला. तिसऱ्यांदा असं झाल्यावर मी बोलणंच सोडलं. नोकरी मिळाली नाही. घरी येऊन मीही आईला हेच सांगितलं होतं, माझं इंग्रजी वीक आहे म्हणून. तुमच्यातले काही जण पुढे टेबलाच्या त्या बाजूला बसतील. समोरचा थांबला तर एक घोट पाणी प्या. तेवढा वेळ पुरतो.

ती स्टाफरूमची कॅसेट अजून माझ्याकडे आहे. साठ मिनिटांची, पहिली बाजू शेवटपर्यंत भरलेली. शेवटी पगारवाढीवरून जोरात वाद चालला आहे, सगळे एकदम बोलतायत, माझ्या वहीत त्या जागी नुसते कंस आणि प्रश्नचिन्हं आहेत. मग दार वाजतं. कपांचा आवाज. कॉलेजचे शिपाई, जे कधी कोणाशी इंग्रजीत बोलत नसत, ते मोठ्याने म्हणतात, “चहा इज देअर, सर.” सगळी खोली हसते, ते स्वतःही हसतात. कोणीतरी बशीत चहा ओततं. त्यानंतर खट्, टेप संपते.