मोंढ्यातलं सोयाबीन आणि आसियानची पेंढी

आपल्या बीडच्या मोंढ्यात सोयाबीनचा भाव निघतो, त्याचा एक धागा थेट इंडोनेशिया-मलेशियातल्या पामच्या बागांपर्यंत जातो. सोयाबीनच्या दाण्यात तेल जेमतेम 18 ते 20 टक्के. उरते ती पेंड. देशाला लागणारं निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून येतं, त्यात पामतेलाचा वाटा मोठा. ते स्वस्त झालं की आपल्या सोयाबीनला झळ बसते. 28 एप्रिल 2022 ला इंडोनेशियाने पामतेलाची निर्यातच रोखली होती. महिनाभराच्या आत ती पुन्हा खुली झाली.

इंडोनेशिया आणि मलेशिया हे दोन्ही देश ‘आसियान’चे, म्हणजे आग्नेय आशियाई देशांच्या संघटनेचे, संस्थापक. थायलंड, फिलिपाइन्स आणि सिंगापूरसह त्यांनी 8 ऑगस्ट 1967 रोजी बँकॉकला ही संघटना उभी केली. त्याच्या वर्षभर आधीपर्यंत इंडोनेशिया आणि मलेशिया एकमेकांशी लढत होते, बरं का! संघटनेचं चिन्ह म्हणजे भाताच्या 10 काड्यांची बांधलेली पेंढी. कडब्याच्या पेंढ्या बांधणाऱ्याला त्याचा अर्थ वेगळा सांगायला नको. ऑक्टोबर 2025 मध्ये तिमोर-लेस्ते अकरावा सदस्य झाला.

आसियानमध्ये निर्णय मतदानाने नाही, सर्वसंमतीने होतात. इंडोनेशियात अशा विचारविनिमयाला ‘मुशावरा’ म्हणतात. आपल्या जुन्या बोलण्यातला ‘मशवरा’ त्याच अरबी मुळाचा. काम संथ चालतं, म्यानमारमधल्या लष्करी उठावाच्या प्रश्नावर तर अडलंच. व्यापारात मात्र हा गट एकत्र बसतो. भारताशी त्यांचा वस्तुव्यापार करार 1 जानेवारी 2010 पासून लागू आहे.

तेव्हा उद्या आडतीवर भाव विचाराल, तर क्वालालंपूरचा पामतेलाचा वायदाही बघून घ्या.