अभिप्रायाची वही



बडोद्यातील मांडवीच्या या वाचक-मेळाव्याचा अध्यक्ष एका वर्षापुरता निवडला जातो आणि त्याला बोलण्याची संधी एकदाच मिळते, हे पुरते जाणून मी उभा आहे; म्हणून साहित्याच्या भवितव्याविषयीचे जे मधुर भाषण माझ्याकडून अपेक्षिले गेले असेल, ते मी करणार नाही. चिनी लेखिका युंग चांग यांच्या ‘वाइल्ड स्वान्स’ या आत्मकथेवरून गेले चार महिने आपल्यात जे रण माजले आहे, त्याची कैफियत आज या व्यासपीठावर दाखल व्हावयास हवी.

पत्रके कोणी काढली, कोजागिरीच्या बैठकीतून कोण उठून गेले, हे आपणांस ठाऊक आहे. एका पक्षाचे म्हणणे असे की, इंग्लंडात सुरक्षित बसून स्वदेशाची निंदा करणाऱ्या बाईचे हे लेखन परकीयांच्या संतोषासाठी आहे. दुसऱ्या पक्षाला तेच पुस्तक येथल्या प्रतिपक्षाच्या पाठीत घालावयास आयता मिळालेला सोटा वाटले. ज्यांनी सर्वांत उंच स्वर लावला, त्यांना लेखिकेचा बाप कोण होता एवढेही त्या बैठकीत सांगता आले नाही. आमच्या दांडिया बाजारातील ज्येष्ठ स्नेह्यांना यांतून मी वगळतो. त्यांची दृष्टी गेली आहे, त्यांनी पुस्तक नातीच्या मुखातून ऐकले, आणि जेवढे ऐकले तेवढे मनापासून ऐकले.

तो बाप सिचुआन प्रांतातला साम्यवादी अधिकारी होता, आणि तत्त्वाला इतका कडवा की स्वतःच्या पत्नीलाही कसली सवलत मिळू देत नसे. १९५७ साली चीनमध्ये आधी लोकांना निर्भयपणे मते मांडण्याचे आवाहन झाले, आणि ज्यांनी ती मांडली त्यांना लागलीच ‘उजवे’ ठरवून दंडिले गेले. अशांची संख्या साडेपाच लाखांच्या घरात गेली. लेखिकेच्या आईला आपल्या हाताखालच्या माणसांतून किती उजवे हुडकून काढावयाचे, याचा आकडाच वरून आला होता. पुढे सांस्कृतिक क्रांतीत त्याच निष्ठावंत बापाला घरातली पुस्तके स्वतःच्या हातांनी जाळावी लागली, आणि १९६८ साली सोळाव्या वाढदिवशी मुलीने लिहिलेली पहिली कविता झडती घेणारे दारात आले तेव्हा तिने शौचकूपात वाहून टाकली. एका मुलीच्या या साक्षीवर आपण अभिप्राय देत होतो, आणि तोही न वाचता!

येथे मला अकरा वर्षे उरात बाळगलेले बोलणे प्राप्त आहे. शहरातील एका खासगी वाचनालयात, जेथे आमच्या आजोबांपासून वर्गणी भरलेली आहे, वाचकाने पुस्तक परत करताना स्वहस्ते व नावानिशी अभिप्राय लिहावा अशी एक वही असे. ‘वाद होतात’ या सबबीवर कार्यकारी मंडळाने ती बंद केली. माझे चार अर्ज दप्तरी दाखल झाले, एकाचेही उत्तर आले नाही. कोणी म्हणेल, कोठे माओची मोहीम आणि कोठे वाचनालयाची वही! मी ही तुलना मागे घेणार नाही. तेथे माणसाने मत उच्चारले आणि त्याचे मोल आयुष्याने दिले. येथे मोल देण्याची पाळीच येऊ नये म्हणून मत लिहिण्याची जागाच काढून टाकली गेली, आणि ज्यांनी ती काढली तेच आज ग्रंथस्वातंत्र्यावर व्याख्याने देत गावोगाव हिंडत आहेत. ज्या सयाजीराव महाराजांनी १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, १९१० साली अमेरिकेहून ग्रंथालयतज्ज्ञ बोर्डनसाहेबांना पाचारण करून ग्रंथालयांचे जाळे विणले आणि खेड्यापाड्यांत पुस्तकांच्या पेट्या धाडल्या, त्यांच्या राजधानीत हे घडले.

न वाचता मत देणे मी लहानपणीही पाहिले. लेखिकेचा जन्म १९५२ चा, माझाही. १९६२ च्या चीनबरोबरच्या युद्धात आमच्या ओसरीवर, चीनमध्ये जाऊन वैद्यकीय सेवा केलेल्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची तसबीर होती. शेजारच्या चार गृहस्थांनी येऊन ‘चिन्यांच्या सोयऱ्याची तसबीर उतरवा’ म्हणून आजोबांना बजावले, तेव्हा संस्थानच्या हुजूर कचेरीत आयुष्य घालविलेल्या त्या वृद्धाने त्यांना बसावयास सांगितले, पाणी दिले, आणि विचारले, ‘तुम्ही या माणसाविषयी काय वाचले आहे?’ चौघेही गप्प बसले. तसबीर उतरली नाही. दहा वर्षांचा मी दाराआड उभा होतो. त्या प्रश्नानेच मला वाचक केले.

आणि आता सांगतो ते अधिक लागते. सोलापूरच्या त्या डॉक्टरांचा मुलगा यिनहुआ, ज्याच्या नावातच भारत आणि चीन हे दोन देश गुंफलेले होते, १९४२ च्या ऑगस्टमध्ये जन्मला. डिसेंबरात बाप गेला. मुलगा माओच्या राजवटीत वाढला, वैद्यकी शिकू लागला आणि १९६७ साली, सांस्कृतिक क्रांती ऐन भरात असता, अवघ्या चोविसाव्या वर्षी निवर्तला. शांतारामबापूंनी या डॉक्टरांवर काढलेल्या चित्रपटात बापासाठी आपण रडलो. या मुलाचे बालपण कसे गेले, शाळेत त्याला काय शिकवीत, आईजवळ तो सोलापूरविषयी काय विचारी, हे कोणा मराठी लेखकाने शोधून विस्ताराने लिहिल्याचे माझ्या वाचनात आलेले नाही. चिनी साम्यवादाखाली वाढलेल्या बालपणाची एक आत्मकथा मराठी रक्तातही होती, ती लिहिली जाण्यापूर्वीच संपली, आणि आपण परक्या मुलीच्या पुस्तकावरून एकमेकांची उणीदुणी काढीत बसलो!

माझे दोन ठराव आहेत. यिनहुआच्या चरित्रसाधनांचा शोध घेण्यासाठी या मेळाव्याने तिघांची समिती नेमावी. आणि अभिप्रायाची वही आजपासून येथेच सुरू करावी. कोऱ्या पानांची जाड वही मी विकत आणून प्रवेशद्वाराशी ठेविली आहे. पुस्तक सबंध वाचले असेल त्यानेच लिहावे, नावानिशी लिहावे, आणि माझ्याविरुद्ध लिहावयाचे असेल तर पहिल्या पानावर लिहावे. ठरावांना अनुमोदन देण्यासाठी मी चिटणीसांना पाचारण करतो.